अंतर बरोबर, तास चुकीचे – विमानाचे तास सांगणाऱ्या साईटचा आमचा अनुभव

नमस्कार मंडळी, हा रिव्ह्यू हॉटेलचा नाही की मोबाईलचा नाही, दोन विमानतळांची नावं टाकली की मधलं अंतर अन् उड्डाणाचे तास सांगणाऱ्या एका फुकटच्या साईटचा आहे. साईटचं नाव लिहीत नाही, कारण एकाच छापाच्या अशा बऱ्याच साईट आहेत अन् चूक सगळीकडे सारखीच दिसली. मी ५ पैकी २ स्टार देतोय, ते दोन्ही अंतरासाठी. तासांसाठी एकही नाही, कारण त्या तासांवर विसंबून मी माझ्या आईच्या इन्सुलिनचा तक्ता केला होता अन् तो चुकला. आपल्याकडून आता परभणी, नांदेड, लातूर, जालना कुठूनबी म्हातारे आईबाप लेकराकडे अमेरिकेला जायलेत, म्हणून सविस्तर लिहितोय, जरा लांबेल पण वाचा.

आमची ताई न्यूजर्सीत एडिसनला राहते. २०२३ च्या डिसेंबरात तिचं दुसरं बाळंतपण होतं म्हणून आई अन् आप्पा पहिल्यांदाच निघाले. मुंबई ते न्यूयॉर्क थेट विमान, मध्ये कुठं उतरायचं नाही, म्हणजे दोघांना विमान बदलायची भानगड नको असं दाजींनी ठरवलं होतं. तिकीट आलं, एजंटने प्रिंट दिली, त्यावर नुसत्या वेळा, रात्री १.४५ ला मुंबई सोडायची अन् सकाळी ७.१५ ला न्यूयॉर्क. आई म्हणली, अगं बाई साडेपाच तासांत अमेरिका? मी म्हणलं नाही गं, तिकडचं घड्याळ मागं असतं, थांब बघून सांगतो, अन् तिथंच मी ती साईट उघडली. मोठ्या अक्षरात अंतर १२,५४० किमी, त्याखाली तेवढ्याच मोठ्या अक्षरात उड्डाणाची वेळ १३ तास ५६ मिनिटं. मिनिटासकट आकडा दिला की माणूस विश्वास ठेवतोच, मी पण ठेवला.

आप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवायचे, रिटायर होऊन अकरा वर्षं झाली पण कपाटावर पृथ्वीगोल अजून तसाच आहे, कापडाने पुसलेला. साईटवर नकाशात जी वाकडी रेघ दाखवली होती ती बघून मी म्हणलं हे काय, मुंबईहून सरळ डावीकडे जायचं सोडून विमान पार रशियाकडे वर कशाला चढतंय? आप्पा काही बोलले नाहीत, आईच्या शिलाई मशीनवरचं रीळ आणलं, गोल खाली घेतला, दोऱ्याचं एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबलं अन् दुसरं न्यूयॉर्कवर धरून दोरा ताणला. दोरा आपोआपच वर सरकला, तुर्कमेनिस्तानवरून, व्होल्गाच्या काठाने, सेंट पीटर्सबर्गजवळून स्वीडन-नॉर्वे, मग आइसलंडवरून ग्रीनलंडच्या खालच्या टोकाला घासून कॅनडात उतरून न्यूयॉर्क. भिंतीवरच्या सपाट नकाशात ती रेघ वाकडी दिसते पण गोलावर तोच सगळ्यात जवळचा रस्ता, त्याला ग्रेट सर्कल म्हणतात, आप्पांच्या पुस्तकात बृहद्वृत्त असा शब्द होता. आप्पा म्हणले, "जगात जर्मनी अन् भारतात परभणी म्हणतात नं, तुझी माय जर्मनीच्याबी वरून जाणार."

मग त्यांनी दोरा तिथंच नखाने खूण करून पट्टीवर धरला. साडेएकोणतीस सेंटीमीटर भरला. गोलाचा व्यास ३० सेंटीमीटर, म्हणजे घेर ९४ च्या थोडा वर, पृथ्वीचा घेर ४०,००० किमी, म्हणजे एका सेंटीमीटरला साधारण ४२५ किमी. गुणाकार केला तर साडेबारा हजार. साईट म्हणते १२,५४०. रिळाचा दोरा अन् साईट, दोन्हींचं उत्तर एकच आलं. त्यामुळे अंतराचे दोन स्टार मी मनापासून देतोय, तिथे काही खोट नाही. पण त्याच दोऱ्यामुळे माझा साईटवरचा विश्वास आणखी पक्का झाला, अंतर इतकं बरोबर आहे म्हणल्यावर तासही बरोबरच असणार असं मी धरून चाललो.

आईला शुगर आहे, दिवसातून दोनदा इन्सुलिन. निघायच्या आधी आमच्या डॉक्टरांकडे गेलो तर त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला, एकूण किती तासांचा प्रवास आहे अन् त्यात विमानात किती, नीट आकडा सांगा. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो म्हणून जेवणाच्या अन् इंजेक्शनच्या वेळा नव्याने बसवाव्या लागतात, हे त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. इन्सुलिन मोठ्या बॅगेत टाकायचं नाही, सामानाच्या खणात गारठून खराब होऊ शकतं, हातातल्या पिशवीत ठेवायचं अन् सोबत चिठ्ठी, हेही त्यांनीच सांगितलं. मी त्यांना आकडा दिला, चौदा तास. त्या चौदा तासांवर त्यांनी वेळा काढून दिल्या अन् मी घरी येऊन चौकड्याच्या वहीच्या पानावर मोठ्या अक्षरात तक्ता केला. आप्पांच्या हातातलं एचएमटीचं घड्याळ भारताच्या वेळेवरच ठेवायचं ठरलं म्हणजे गोंधळ नको. चौथ्या तासाला हे, आठव्या तासाला ते, साडेबाराव्या तासाला इंजेक्शन अन् त्यावर घरच्या दशम्या अन् शेंगदाण्याची चटणी, अन् शेवटची ओळ अशी, आता काही नको, उतरून ताईकडे जेवण.

ती शेवटची ओळ माझ्या हातची आहे, आजही ते पान घरात आहे.

झालं असं की साडेबाराव्या तासाला आईने कागदाप्रमाणे इंजेक्शन घेतलं, दशमी खाल्ली, पदर सावरून उतरायच्या तयारीत बसली. चौदावा तास आला अन् समोरच्या पडद्यावर विमान अजून कॅनडाच्या वरच, उतरायला दोन तास बाकी. तेवढ्यात जेवणाची गाडी आली तर आई नको म्हणली, कागदात नाही नं, अन् आता उतरायचंच आहे. आप्पांना झोप लागली होती. शेवटी मुंबईचं गेट सोडल्यापासून न्यूयॉर्कच्या गेटला लागेपर्यंत १६ तास १० मिनिटं झाली, मग पुढे शिक्के मारायची रांग, डिसेंबरातली सुट्टीची गर्दी. तासभर उभं राहिल्यावर आईच्या हाताला कापरं भरलं, घाम सुटला. आप्पांनी तिथंच मशीन काढून बोट टोचलं, शुगर ६४, म्हणजे खाली उतरलेली. पिशवीत चिक्की होती ती दिली, तिथल्या एका बाईने पळत जाऊन खुर्ची आणली, पाणी आणलं, पंधरा-वीस मिनिटांनी आई नीट बोलायला लागली. हे सगळं मला दुसऱ्या दिवशी फोनवर कळलं. आई उलट मलाच म्हणायली, तुझा कागद लई कामाला आला रे. मला फोन धरवेना.

मग आठ दिवस मी हाच अभ्यास केला की हे दोन तास गेले कुठे. साईट काय करते तर अंतर घेते अन् ताशी ९०० किमीने भागते, बास. १२,५४० भागिले ९०० करून बघा, १३ तास ५६ मिनिटंच येतात. खात्री करायची म्हणून मी त्याच साईटवर चिकलठाणा (संभाजीनगरचं विमानतळ) ते मुंबई टाकलं, सरळ रेषेत २८० किमीच्या आसपास आहे, तर वेळ आली १९ मिनिटं. संभाजीनगरहून मुंबईला ज्यांनी विमानाने ये-जा केली त्यांना ठाऊक आहे की वेळापत्रकात हे विमान तासाभराचं किंवा थोडं जास्तच असतं. विमान काही उडाल्याबरोबर ९०० ला पळत नाही, वर चढायला वेळ, खाली उतरायला वेळ, त्याआधी धावपट्टीपर्यंत घरंगळत जाणं, रांगेत थांबणं, मुंबईवर आलं की जागा मिळेपर्यंत घिरट्या. जवळच्या प्रवासात ही गफलत लगेच डोळ्यात भरते, लांबच्या प्रवासात चौदा तासांच्या पोटात लपून बसते.

अन् लांबच्या प्रवासात त्याहून मोठी गोष्ट वाऱ्याची. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, जेट स्ट्रीम म्हणतात त्याला, हिवाळ्यात जास्त जोर. ९०० चा वेग आहे तो हवेच्या तुलनेत. समोरून शंभरचा वारा असेल तर जमिनीच्या हिशोबाने विमान ८०० नेच पुढं सरकतं. हे मला पुस्तकातून कळलं पण आप्पांकडे पुरावाच होता. त्यांनी जाताना समोरच्या पडद्यावरचा ग्राउंड स्पीड खिशातल्या डायरीत दर दोन तासांनी लिहून ठेवला होता, सवय शाळेची. जातानाचे आकडे ७८०, ८०५, ७९०, ८२० असे, अन् मेमध्ये परत येताना त्याच डायरीत पुढच्या पानावर ९३०, ९८५, १०१०. येतानाचं तिकीट दुपारी १२.३० ला न्यूयॉर्कहून निघून दुसऱ्या दिवशी दुपारी १२.३० ला मुंबई. घड्याळात बरोब्बर चोवीस तास, त्यातून उन्हाळ्यातला साडेनऊ तासांचा फरक वजा केला की साडेचौदा. अंतर तेच, दोरा तोच, अन् जाताना १६ तर येताना साडेचौदा. साईटवर मात्र न्यूयॉर्क ते मुंबई उलटं टाकलं तरी तेच १३ तास ५६ मिनिटं, म्हणजे जायचं कुठल्या दिशेने हे ती बघतच नाही.

वाऱ्याचा हिशोब किती मोठा असतो याचं सगळ्यात भारी उदाहरण एअर इंडियाचं आहे. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते पूर्वेकडून पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. हा रस्ता साधारण १५,३०० किमीचा, जुन्यापेक्षा जवळपास १,४०० किमी लांब, अन् तरी दोन तास लवकर पोचलं, साडेचौदा तासांच्या आसपास, कारण वारा पाठीवर होता. आप्पांना हे सांगितलं तर ते किती वेळ नुसतं गोलाकडंच बघत बसले, मग म्हणले पोरांना वर्गात हे सांगायला पाहिजे होतं.

तिसरी गोष्ट म्हणजे दोऱ्याची रेघ अन् खरा रस्ता एक नसतो. कुठल्या देशाची हद्द बंद, कुठे युद्ध, कुठे वादळ, अन् दोन इंजिनच्या विमानाला अडीअडचणीला उतरता येईल असं विमानतळ ठराविक वेळेच्या टप्प्यात ठेवूनच जावं लागतं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली तेव्हा कितीतरी उड्डाणांना वळसा पडला अन् तास वाढले. अंतराच्या साईटवर त्या दिवशीही आकडा तोच होता, कारण पृथ्वीचा गोल काही बदलला नव्हता.

आता चांगलं काय सापडलं ते. नुसतं अंतर अन् नकाशावरची रेघ बघायची तर ग्रेट सर्कल मॅपर नावाची साईट आहे, दिसायला जुनीपानी, पण विमानतळाचे तीन अक्षरी कोड मधे आडवी रेघ देऊन टाकले की काम झालं. मुंबई बीओएम, न्यूयॉर्क जेएफके, आपलं चिकलठाणा आयएक्सयू, नांदेड एनडीसी, लातूर एलटीयू. आधी मैलात येतं, किलोमीटर निवडून घ्या, नाहीतर साडेसात-पावणेआठ हजाराचा आकडा बघून अमेरिका जवळ आली असं वाटेल. आप्पा अन् मी एक अख्खा रविवार त्यावर घालवला. अंतरासाठी पाच स्टार.

तासांसाठी मी आता फ्लाइटरडार २४ वरच बघतो. तिथे तिकिटावरचा उड्डाणाचा नंबर टाकला की फुकटच्या खात्यात गेल्या सात दिवसांत ते उड्डाण रोज खरोखर किती वाजता निघालं अन् किती वाजता टेकलं ते दिसतं. सातही दिवसांचे आकडे कागदावर उतरवायचे अन् त्यातला सगळ्यात मोठा धरायचा. सरासरी धरू नका, औषधाच्या कामात तर नकोच. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. तिथले तास हवेतले असतात, गेटवरचा अन् धावपट्टीवरचा वेळ त्यात वरून मिळवावा लागतो, अन् घड्याळ कुठल्या गावचं दाखवतंय ते आधी बघून घ्या.

कंपनीच्या वेळापत्रकातली वेळ मात्र गेट ते गेट असते, ब्लॉक टाइम म्हणतात, म्हणजे औषधाच्या दृष्टीने तीच जास्त खरी. तिकिटावर एकूण तास छापले नसतील तर स्वतः मोजा, अवघड नाही. पोचायच्या वेळेतून निघायची वेळ वजा करा अन् अमेरिकेकडे जाताना मधला फरक मिळवा, येताना वजा करा. न्यूयॉर्कसाठी हिवाळ्यात साडेदहा तास, उन्हाळ्यात साडेनऊ, कारण ते लोक मार्चात घड्याळ तासभर पुढं करतात अन् नोव्हेंबरात मागं घेतात. आमच्या तिकिटावर १.४५ ते ७.१५ म्हणजे साडेपाच, अधिक साडेदहा, सोळा. सोळा तास माझ्या हातातल्या कागदावर छापलेले होते अन् मी चौदा डॉक्टरांना सांगून आलो. हे लिहिताना अजूनही वाईट वाटतं.

अजून एक, त्या पहिल्या तास सांगणाऱ्या साईटवर नांदेड ते न्यूयॉर्क, लातूर ते लंडन अशी वाट्टेल ती जोडी टाकली तरी पान तयार होऊन येतं अन् इतके तास इतकी मिनिटं असं छापून येतं, जणू तसं विमान रोज सुटतंय. गावाकडच्या माणसाला हे कसं कळणार? आमच्या शेजारच्या काकूंनी खरंच विचारलं होतं की मग तुम्ही नांदेडहूनच कामून नाही गेले. तिथे एक ओळ तरी पाहिजे की हे फक्त गणित आहे.

अन् आपल्या भागातून जाणाऱ्याचा खरा प्रवास विमानात नसतोच, घराच्या उंबऱ्यापासून असतो. आई-आप्पांनी परभणीहून दिवेलागणीला घर सोडलं, देवगिरी एक्सप्रेसने सकाळी कल्याणला मावशीकडे, दिवसभर आराम, रात्री आठला विमानतळाकडे, मग ते सोळा तास, मग दोन तास रांग अन् सामान, मग दाजींच्या गाडीत पावणेदोन तास. सगळं मिळून पन्नासच्या घरात जातं. डॉक्टरांना हा आकडा द्यायचा असतो, त्यातला विमानाचा भाग वेगळा करून. आता समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून पूर्ण सुरू झालाय तर जालन्याहून गाडीने निघणाऱ्यांचे काही तास वाचतील. अन् नांदेड, उदगीर, देगलूरकडच्यांनी तर आधी हैदराबाद बघावं, मुंबईच्या साधारण निम्म्या अंतरावर पडतं, गल्फमार्गे जायचं असेल तर तिथूनही सोय आहे.

ताईकडे आई-आप्पा आता पुन्हा निघालेत. या वेळी मी सात दिवसांचे आकडे काढले, सगळ्यात मोठा घेतला, त्यात गेटचा वेळ मिळवला, वर रांगेचे तीन तास धरले, अन् तो कागद घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नवीन वेळा लिहून दिल्या. तक्ता आप्पांनी स्वतःच्या अक्षरात केलाय, शेवटच्या ओळीत लिहिलंय, जेवणाची गाडी आली की काही नं काही खायचंच, झोपलो असेन तर मला उठवायचं. चिक्कीचे चार पुडे घेतलेत, दोन आईच्या पर्समध्ये अन् दोन आप्पांच्या खिशात.